विरळणीची कात्री

रविवारी कलेक्टरीण बाहेर आलीच नाही.
डालगं उचललं तरी तशीच,
पिसं फुलवून, मान खांद्यात घालून,
शेवटची एसटी चुकलेल्या बाईसारखी.

नाव हर्षलनं ठेवलेलं.
ही अंगणात चालू लागली की बाकीच्या तिघी
आपोआप रस्ता देतात.
त्याच तिघी आता तिच्या वाटणीचे दाणे टिपत होत्या
आणि ती बघतही नव्हती.

कडूबाई गांगुर्डे कुंपणावरून म्हणाली, मानमोडी.
सगळ्या जातील बघ. आजच कापून टाक,
मसाला मी देते वाटून.

मी मान बघितली. वाकडी नव्हती.
नाकात शेंबूड नाही, छातीत घरघर नाही.
तुरा मात्र फिका,
धुऊन धुऊन विटलेल्या ब्लाऊजचा लाल.
शेपटीखाली पांढरं-हिरवं पाणी.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.
त्यांच्या मागे कुणाच्या तरी हळदीचा बँड.
किती कोंबड्या आहेत तुमच्या?
चार.
थोडा वेळ नुसता बँडच वाजला.
मग म्हणाले, गळ्याखालची पिशवी चाचपा.
सकाळी रिकामी हवी.
भरलेली असेल तर अडकलंय काहीतरी.

चाचपणं मला येतं.
मखमलाबादच्या पॅकहाऊसला अकरा सीझन झाले.
कडक चालेल, मऊ बाजूला,
अठरा एमएमच्या रिंगेतून खाली पडला तो मणी बाजूला,
डाग बाजूला.
बाजूला काढलेलं डब्यात घालून मी घरी आणते.
कोंबड्या तुटून पडतात.

पिशवी लागली. पेरूएवढी,
आणि कच्च्या पेरूसारखीच घट्ट.
हर्षलनं मोबाईलचा टॉर्च धरला,
मी अंगठ्यानं चोच उघडली,
त्याची उघडायचे तशी, सिरपच्या चमच्यासाठी.
जिभेच्या बुडाशी हिरवा दोरा.
ओळखीचा दोरा. बागेत घड बांधायचा.
माझ्याच डब्यातून आलेला.

ओढ ना, हर्षल म्हणाला.
ओढायचं नाही.
आत कुठवर गेलाय, कशाला गुंडाळलाय,
कुणाला ठाऊक.
विरळणीची कात्री आणली, टोकाला बोथट,
शेजारच्या मण्याला धक्का न लावता देठ कापणारी.
उकळत्या पाण्यात बुडवली, निवू दिली.
जिभेखाली एकच टिक्.
उरलेलं तिनं गिळलं.

मग कोमट तेल, ड्रॉपरनं,
चोचीच्या कडेनं, थेंब थेंब,
श्वासात जाऊ नये म्हणून.
मग मांडीवर घेऊन चोळत बसले, गोल गोल,
कणकेत तेल मुरवतात तसं, पण त्याहून हळू.
दाणे बंद. दर दोन तासांनी गजर.
रात्री दोनला कडूबाईकडचा दिवा लागला.
आली, काही बोलली नाही,
पातळ ताकाची वाटी ठेवली,
आणि थोडा वेळ तिनंही चोळलं.

कोंबडं झाकलं तरी उजाडतं म्हणतात.
माझी तर उघडी मांडीवर होती,
आणि उजाडता उजाडत नव्हतं.

सहाला पिशवी निम्मी.
निम्मी म्हणजे निम्मीच. आत अजून एक गाठ,
वाटाण्याएवढी, बोटाखालून निसटणारी.
साडेसातची गाडी सोडून चालत नाही,
सीझनला खाडा म्हणजे हजेरीसकट बोनसही जातो.
हर्षलला म्हटलं, मधल्या सुट्टीत घरी ये.

टेबलाशी उभी राहिले. पहिला घड घेतला.
देठाला दोरा होता.
सोडवून ॲप्रनच्या खिशात टाकला. मग पुढचा.
त्याच्या पुढचा.
सुपरवायझर म्हणाला, मावशी, आज हात का चालेना?
काय सांगणार.

एकच्या सुमाराला फोन थरथरला.
फोटो.
धुण्याच्या दगडाजवळ कलेक्टरीण उभी, एका पायावर.
डोळे उघडे की मिटलेले, कळेना.
ग्लोव्ह काढला,
दोन बोटांनी तिला मोठी करत राहिले.