साडेतीन वॅट

नेवंदरामकाकांनी भोंगे आणले तेव्हा
गोळीबार चौकापासून आमच्या बोळीपर्यंत
हमालांना आडवं चालावं लागलं.
कामठीच्या बंद टॉकीजच्या पडद्यामागून निघालेले,
तोंड चार फूट, घशात बोटभर वाट,
आणि आत पालीची अंडी.

सोबत त्यांचा दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर.
"कमी पडला तर अजून मोठा घेऊ."
मी म्हटलं, उलट आहे काका,
ज्याला कुजबूज ऐकू येते
त्याच्या कानाशी ओरडायचं नसतं.
साडेतीन वॅट पुरतील.
जरीपटक्यात चाळीस वर्षं कापड मोजलेला माणूस,
त्यांना वाटलं मी मापात मारतेय.

बाबांनी माग भंगारात दिले,
कांड्या भरायचा रहाट तेवढा राहिला.
त्याच्यावर मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळते.
केसाहून बारीक तांबं,
शंभर वेढ्यांना एक चिंचोका बाजूला,
अठ्ठावीस चिंचोके झाले की उठायचं.
मधे कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

आठच्या टॅपवर भोंगा अंग चोरून बसला.
सोळाच्या टॅपवर मांडी घातली त्यानं.
पेटीवाल्याचा खोकला आला,
गाणारीच्या बांगड्या,
मग सूर.

पण सुराच्या आधी
आणि सूर संपल्यावरही
एक गुणगुण.

साध्या स्पीकरमध्ये जे झाकून जायचं
ते या भोंग्यानं चव्हाट्यावर आणलं.
मे महिना. पाचपावलीभर कूलर,
व्होल्टेज एकशेनव्वद,
व्हॉल्व्हमध्ये विडीच्या टोकाएवढा उजेड.
मी पहाटे तीनला उठून फिलामेंट डीसीवर घेतले,
अर्थिंग तोडलं, जोडलं,
भोंग्यात डोकं घालून ऐकलं.
भुंगा होता, त्याची माशी झाली.
माशी जाईना.

बाबा पाणी प्यायला उठले.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर,
कान कधीचे गेले.
जाता जाता त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला,
मागाच्या लाकडावर ठेवायचे तसा,
सहज,
आणि थांबले.

"सैल हाय."
"काय?"
"भोंग्यात काहाले पाहून राहिली? थे इथं हाय."

चार बोल्ट. पाव पाव फेरा.
पत्र्यांची चळत दातखीळ बसल्यासारखी गप्प,
आणि खोलीत
एवढी शांतता की शेजारी बारापात्रेंच्या कूलरमधून
पाणी टपकताना ऐकू आलं.
मला. बाबांना नाही.
त्यांनी हात उचलला नव्हता.
"गेलं ना?"
मी मान हलवली.
ते पाणी न पिताच जाऊन झोपले.

नेवंदरामकाका आता रात्री फोन करतात,
बोलत नाहीत, रिसीव्हर भोंग्यासमोर धरतात.
पैसे दिले दोन हप्त्यांत, तिसरा राहिलाय.
दोनशे वॅटवाला अजून आमच्याकडेच आहे.
बाबा त्याच्यावर चष्मा ठेवतात,
आणि चिंचोक्यांची वाटी.