मीटरच्या पेटीत

शनिवारी ब्रोडी हातोडा घेऊन आला,
नवाकोरा, दांड्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली.
"आत्या, दुपारपर्यंत न्हाणीघर मोकळं करतो,"
म्हणाला, आणि बाह्या सारल्या.
डेल्विन दारात आडवी उभी राहिली.
पोर्ट केम्बलाच्या या उतारावर
एकसष्ट वर्षांत ती कुणाला अशी आडवी गेली नव्हती.

हे घर बापाने बांधलं, रविवार-रविवार करून,
अंगणातच पत्रे करवतीने कापत.
भुसा पडायचा पिठासारखा;
ती आणि रॉसलिन त्यात बोटांनी मांजरं काढायच्या.
तुटका तुकडा फुटपाथवर खडूसारखा उठायचा,
लंगडीचे चौकोन त्यानेच आखलेले.
शेकोटीत टाकला की फाटकन फुटायचा
आणि सगळी पोरं टाळ्या पिटायची.

फायब्रो.
शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव असावं, इतका घरगुती शब्द.

बापाचे कामाचे कपडे आई
मागच्या पायरीवर झटकायची, बावीस वर्षं.
बापाला काही झालं नाही.
आईला दम लागू लागला
तेव्हा धुरळा कधीच खाली बसला होता.
कुठे बसला होता, ते डॉक्टरांनी
उजेडापुढे फिल्म धरून दाखवलं.

"पण भिंत तर धड आहे," ब्रोडी म्हणाला.
"म्हणूनच.
धड आहे, रंग शाबूत आहे, तोवर ती नुसती भिंत आहे.
भोक पाडलंस, घासलीस, फोडलीस,
की मग झाडून गोळा होत नाही ती.
झाडूनेच तर उडते.
आणि घरातला व्हॅक्यूम लावलास, तर खोल्याखोल्यांतून."

तुकडा तिनेही काढला नाही.
परवानेवाला माणूस आला, मुखवटा लावून,
पाण्याचा फवारा मारून नखाएवढा घेतला,
दोन पिशव्यांत बांधला,
जागेवर रंगाचा ठिपका लावून गेला.
नवव्या दिवशी कागद आला.
त्यातलं इतर काही तिने वाचलं नाही, फक्त: आहे.

ब्रोडी हातोडा परत द्यायला गेला.
पावती सापडेना, म्हणून आता तो
त्याच्या गाडीत मागे खडखडत असतो.

न्हाणीघर जुनंच राहिलं, पिवळं.
दर एक तारखेला ती टॉर्च घेऊन
कोपऱ्यात चीर पडली का बघते.
मीटरच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला,
पुढे घर घेईल त्याच्यासाठी
पेन्सिलीने लिहिलंय:
न्हाणीघर. धुण्याची खोली. ओसरीचं छत.
खिळा मारण्याआधी विचारा

कुणाला, तेही लिहायचं होतं तिला.
टोक मोडलं.