कड

पडद्यावर कपाट उलगडून ठेवलंय.
सत्तावीस फळ्या, एकशे आठ कडा.
लाल रेघ म्हणजे दोन मिलिमीटरची पट्टी, निळी म्हणजे पॉइंट चार,
राखाडी म्हणजे राहू दे उघडीच.
भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या कडेला कोण विचारतं.

इनेगोलमध्ये रात्री साडेअकराला
आमच्या गल्लीत तीन दिवे असतात: बेकरी, पोलीस चौकी आणि मी.
खाली कारखान्यात डिंकाची टाकी थंड पडलीय.
सकाळी सातला सित्की उस्ता तिला दोनशे अंशांवर आणील
आणि जिन्यातून हाक मारील,
झाली का यादी, की आज पण नुसता चहाच?

त्याला वाटतं माझं काम बसल्याजागी होतं.
फळी सहाशेची हवी तर सहाशेची कापायची नाही,
दोन्हीकडची पट्टी वजा करायची. पाचशे शहाण्णव.
मागच्या मार्चमध्ये ही एवढीशी वजाबाकी मी विसरले
आणि बुर्साच्या एका दंतवैद्याची अठरा दारं
एकमेकांना घासून कुरकुरत राहिली.
उस्ता ओरडला नाही.
दारं उतरवून आणली, पुन्हा कापली, पुन्हा पट्टी लावली,
तीन दिवस माझ्याशी बोलला फक्त मापांत.

ही ऑर्डर मुर्वेत हानिमची.
भूगोल शिकवायची शाळेत. डोळे जाऊन नऊ वर्षं झाली.
मापं घ्यायला गेले तेव्हा तिनं जुन्या कपाटात कोपरापर्यंत हात घातला,
मागच्या कडेवरून बोट फिरवलं
आणि बोटाला लागलेला भुसा माझ्यासमोर धरला.
"इथे पट्टी का नाही?"
म्हटलं, ती कड दिसत नाही.
"कुणाला?"

तेव्हापासून प्रोग्राममधला तो रकाना खुपतो.
दिसणारी. न दिसणारी.

आज राखाडी रेघा एकेक करून रंगवतेय.
उजव्या कोपऱ्यात पट्टीचे मीटर चढतात,
एकसष्ट, अठ्ठ्याहत्तर, शंभराच्या पार.
संध्याकाळीच उस्ता म्हणाला होता,
तू कड कुणाची घेतेस, गिऱ्हाइकाची की कारखान्याची?
मग त्यानंच तोडगा काढला: उरलीसुरली रिळं वापर,
ते अक्रोडी, ते पांढरं, ते फसलेलं हिरवं.
तिला काय कळणार.

हे मी तिला फोनवर सांगितलं, शब्दही न बदलता.
ती थोडा वेळ गप्प.
"हिरवं म्हणजे कसलं हिरवं?"
पिस्त्यासारखं, म्हटलं. जरा आजारी पिस्त्यासारखं.
"ते मसाल्याच्या खणांना लाव.
आणि ऐक, डाव्या खणाची कड जाड ठेव, उजव्याची पातळ.
मिरची आणि दालचिनीत माझी गफलत होते,
वास येण्याआधी हात पोचतो."

म्हणून इथे आता लाल म्हणजे तिखट, निळं म्हणजे गोड.
प्रोग्राम विचारतो: शेजारच्या फळ्यांची जाडी जुळत नाही, पुढे जायचं?
जायचं.

एक कड सोडली होती,
खालच्या फळीची, पार तळाशी, लादीपासून चार बोटं.
तिथवर कुणाचा हात जातोय.
मग आठवलं, त्या दिवशी बशी पडली
तेव्हा ती गुडघ्यांवर बसली होती,
लादीवरून तळवा सरकवत, कपाटाच्या खालपर्यंत.

तीही केली.
बेकरीचं शटर वर गेलंय, पावांचा पहिला घाणा निघाला.
आता मीटरचा आकडा उस्ताला सांगायचा कसा,
ते सातला बघू.