डावी बाजू

स्क्रू इडलीपात्रात ठेवले.
एका खळग्यात झाकणाचे, एकात ट्रान्सफॉर्मरचे,
एकात ते दोन, जे कुठले ते शेवटपर्यंत कळणार नाही.
कोपरखैरण्यात दुपारी आमचा अख्खा सेक्टर झोपतो.
मी ह्यांचा अ‍ॅम्प्लिफायर उघडला.

आत चाळीस वर्षांची धूळ, एक वाळकं झुरळ,
खाडीच्या हवेनं हिरवी पडलेली तांब्याची टोकं.
दोन मोठे कपॅसिटर, दहा-दहा हजारांचे,
माथी फुगलेली, बुडाशी काकवीसारखं काही.
आधी रेझिस्टर लावून त्यांना रिकामं केलं.
बंद डब्यातही करंट दबा धरून बसतो,
हे महाप्याच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकले होते,
कुट्टी साहेबांच्या पायाशी पडून.

एकवीस वर्षं बोर्ड भरले तिथं.
पाळीला बाराशे टाके.
गावी वाटायचं मी शिवणकाम करते,
मीही कधी दुरुस्त केलं नाही.
घरातला हा एकच डबा मात्र हे हात लावू देत नसत.
दोन बोनस घालून मस्कतहून आलेल्या कुणाकडून घेतलेला.
"तुमचं ते नवं काम, हे जुनं आहे."

तक्रार एकच: डावी बाजू दबली आहे.
दोनदा तुर्भ्याला नेला, रिक्षातून, मांडीवर,
गणपती आणावा तसा वर रुमाल टाकून.
दोन्हीदा मेकॅनिक म्हणाला, काका, सेट ओके आहे.
तिसऱ्यांदा ह्यांनी मेकॅनिक बदलला.
हर्षदा माहेरी आली की म्हणायची,
बाबा, सगळं एकाच अंगानं येतंय हो.
तुला काय कळतंय, म्हणायचे.

हे गेले. मागे सेट घुंऽऽ करत राहिला,
आवाज शून्यावर असतानाही.
हर्षदा म्हणाली, भंगारात दे.

बत्तीस कपॅसिटर बदलले, चार दुपारी.
एकेक काढायचा, पट्टी कुठल्या बाजूला ती वहीत लिहायची,
मगच पुढचा.
चष्म्यावर फ्लक्सचा धूर, आणि हाताला तो जुना वेग
मी न बोलावता आला.
सिरीजला शंभरचा बल्ब लावून बटण दाबलं:
बल्ब भक्कन पेटला,
श्वास धरला मी,
मग तो मंद होत होत विझला.
घुं नाही.

मीटर लावला. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच.
काढलेले जुनेही मोजले, हट्टानं.
दोन्ही बाजूंचे सारखेच थकलेले.
डावीत वेगळं काहीच नव्हतं.

मग बॅलन्सचा नॉब खोलला, खरखरतो म्हणून.
आतली कार्बनची पट्टी मधोमध काळी कुळकुळीत, नवी,
उजवीकडे नवी,
आणि डाव्या टोकाला झिजून पांढरी.
वर्षानुवर्षं तिथंच नेऊन उभा केलेला.

दिघ्याचा प्रेस शॉप.
ह्यांच्या डाव्या हाताला दोनशे टनांचं मशीन,
कानात बोळा घातला तर सुपरवायझर हसायचा म्हणे.
म्हणे म्हणजे, एकदाच बोलले होते.

आणि मी तीस वर्षं डाव्या अंगाला झोपले.
टाकी भरली का. हर्षदाची फी.
आणि एकदा, फार उशिरा, एक वेगळंच,
त्यावर उत्तर आलं नाही
म्हणून मी पुन्हा कधी विचारलं नाही.
माणूस अबोल आहे, असं सगळ्यांना सांगत आले.

कॅसेट लावली. नॉब मध्यावर आणला.
डाव्या कानावर तळहात दाबून ऐकलं थोडं.
तबला लांब गेला, शेजारच्या घरात वाजतो तसा.
हात काढला नाही, बाजू संपेपर्यंत.

संध्याकाळी तुर्भ्याच्या त्या पहिल्या मेकॅनिकला फोन केला.
म्हटलं, तुमचं बरोबर होतं, सेट ओके होता.
त्याला काही आठवेना.
कोण काका, म्हणाला, कुठला सेट,
आणि जरा मोठ्यानं बोला, इकडे मशीन चालू आहे.