वेइक्को काही बोलला नाही

दर दुसऱ्या गुरुवारी, बंद पडलेल्या शाळेपाशी,
मी पुस्तकांची बस चाळीस मिनिटं उभी करते.
इंजिन चालूच ठेवते. बाहेर उणे सव्वीस,
बंद केलं की ते रुसतं, मग पुढच्या तीन गावांना
वाचायला काही मिळत नाही.

दुपारचे दोन. अंधार पडलेला.
हिल्क्का पायरीवर बूट आपटते, चष्म्यावरची वाफ पुसते,
आयला थर्मास घेऊन येते, झाकणं पाच.
या हिवाळ्यात आम्ही एक ठरवलं आहे:
ग्रंथालयाचं परत करताना घरचंही एक आणायचं.
कोरं नको. ज्याच्यावर कुणाची तरी बोटं उमटलीत असं.

आयलानं आणली कोल्ह्याची गोष्ट.
तीन पिढ्या तिच्यावर झोपल्या,
शेवटचं पान कुठल्याशा पोरानं चघळून टाकलं.
तिच्या आईचा कोल्हा घरी पोचायचा.
बापाचाही पोचायचा, पण तोवर
घरात दुसरंच कुणी राहायला आलेलं असायचं.
"आणि तुझा?"
आयला म्हणाली, माझी मुलं तिथवर जागीच राहिली नाहीत.

सुमालीनं आणली आईची वही, उबोनहून आलेली.
आमच्यातल्या कुणालाच ती लिपी येत नाही,
म्हणून ती वाचते आणि आम्ही वासाचा अंदाज करतो.
हिल्क्कानं विचारलं, यातलं जे इथं मिळत नाही
त्याच्याऐवजी काय घालतेस?
सुमालीनं पान उलटलं.
"उन्हाळ्यात बहीण येते," म्हणाली. "तोवर कमीच असतं."

वेइक्को वाचणारा माणूस नाही.
बस वळावी म्हणून तो बर्फ बाजूला करतो,
मग ऊब घ्यायला आत येतो, दाराशीच उभा राहतो,
फावड्यासारखाच, भिंतीला टेकून.
जानेवारीत त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलं
सायमीचं स्वयंपाकाचं पुस्तक.
पाठीला चिकटपट्टी, पानांना लोणी,
राईच्या भाकरीपाशी आपोआप उघडणारं.
"तिचं होतं," म्हणाला. "मला काय करायचंय."

समासात पेन्सिल. हिल्क्का मोठ्यानं वाचू लागली.
*मीठ जास्त झालं. वेइक्को काही बोलला नाही.*
आम्ही हसलो. तोही हसला असावा, मिशीआड.
*वेलदोडा दुप्पट घातला. वेइक्को काही बोलला नाही.*
*वीज गेली, चुलीवर केलं, करपलं.
वेइक्को काही बोलला नाही, पण तळही खरवडून खाल्ला.*
*माशाचा पाय. नदी आज फुटली. दोघंच जेवलो.
वेइक्को काही बोलला नाही.*
हिल्क्काचा आवाज हळू होत गेला.
थर्मासची झाकणं थंड झाली.
मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं उशीर,
आणि कुणालाच उतरायला सांगितलं नाही.

मग ते पुस्तक फिरलं. फेब्रुवारीत आयलाकडे,
मार्चमध्ये सुमालीकडे, तिनं त्यातल्या माशाला
तिखटाची एक बारीक सूचना दिली, निळ्या शाईत.
शेजारच्या गावची पाद्रीणबाई दोनदा घेऊन गेली.
मध्ये एक आठवडा वेइक्कोकडे.
एप्रिलमध्ये माझ्या हातात आलं तेव्हा
माशाच्या पायखाली सुताराच्या जाड पेन्सिलीनं
लिहिलेलं होतं: *चांगलं होतं.*
आणि त्याखाली हिल्क्काचं अक्षर, मी ओळखते:
*तेव्हा सांगायचं असतं, ठोंब्या.*

पुस्तकात लिहिलेलं खोडणं हे माझं कामच आहे.
खोडरबर स्टिअरिंगच्या खालच्या खणात असतो.
मी खण उघडला, तारखेचा शिक्का काढला, तोच मारला.

रस्त्यावर पाणी वाहत होतं, बर्फ काढायची गरज नव्हती,
तरी वेइक्को आला. पायरी चढून, आतपर्यंत.
लहान मुलांच्या खालच्या फळीशी गुडघे टेकून बसला,
बराच वेळ. कोल्हा घेऊन उठला.
"त्याला शेवटचं पान नाहीये," मी म्हटलं.
"ठाऊक आहे," तो म्हणाला.