तोमासाला भूक का लागत नाही

चिलोएच्या या बंदरात, ग्रंथालयाच्या चुलीभोवती
दर शनिवारी सहा खुर्च्या मांडते मी.
कधी चार मुलं येतात, कधी नऊ,
एकदा एलिसेओच्या मागोमाग एक मेंढीही आली होती,
आणि शेवटपर्यंत शांत बसली होती.

या महिन्याचं पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं.
त्यात तोमासा, वय वर्षं अकरा,
बापाचं औषध आणायला एकटी निघते,
तीन रात्री होडी वल्हवते
वादळात, धुक्यात, हूं की चूं न करता.
एकतीस वर्षं मी हे पुस्तक मुलांच्या हातात ठेवतेय
एकच वाक्य म्हणून:
"ही मुलगी एकदाही मागे वळून बघत नाही."

"तिला भूक का लागत नाही?" एलिसेओनं विचारलं.
"तीन रात्रींत एक उकडलेला बटाटा नाही?
मी तर शाळेतून घरी येईपर्यंत
दप्तरातली भाकरी संपवून दुसऱ्याच्या दप्तरात बघतो."

यानारा बारा वर्षांची, तिचा राग कायम नाकावर.
"प्रत्येक पुस्तकात अशी मुलगी आधी केस कापते.
वेणी घालून जिद्द धरता येत नाही का?
आणि आई? आई नेहमी पहिल्या पानावर मेलेली!
माझी आई चांगली धडधाकट आहे,
सकाळी सहाला शिंपले फोडायच्या कारखान्यात जाते.
मग माझ्या हातून काही व्हायचंच नाही की काय?"

मी चुलीत लाकूड सारलं.
उत्तर नसलं की मी लाकूड सारते.

बाल्तासार म्हणाला, त्यानं वाचलंच नाही,
मुलींचं पुस्तक कोण वाचतं.
मग मी वाचताना चुकून
होडीला भोक पडतं ते पान आधी घेतलं
तर हाच खुर्चीतून उठला:
"नाही नाही, आधी कुत्रा! आधी कुत्रा पाण्यात पडतो!"
कान लालबुंद.
कोणी हसलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

चिलीत गुण सातपैकी.
एलिसेओनं साडेचार दिले, बटाट्याचा एक कापून.
यानारानं तीन दिले, आणि पुस्तक परत मागितलं
"नीट भांडायला."
बाल्तासारनं कागद दुमडून दिला, आत सात.

राहिली रायेन.
समोरच्या बेटावरची, नऊ वर्षांची,
लोकरीच्या मोज्यांतून वाफ निघतेय.
पाच शनिवार आली, एक शब्द बोलली नव्हती.
मला वाटायचं, लाजते बिचारी.

"ती मागेच बघत असणार," रायेन म्हणाली.

म्हणजे?

"वल्ही मारताना तोंड मागे असतं ना.
जायचं तिकडे पाठ.
तिला तीन दिवस घरच दिसत असणार,
आधी दार, मग नुसतं छप्पर, मग धूर.
पुढचं काही दिसत नाही.
म्हणून तर भीती वाटते."

चूल तडतडली.
मी या किनाऱ्यावर जन्मले,
माझा बाप होड्या बांधायचा,
आणि एकतीस वर्षं मी ते वाक्य
शिक्क्यासारखं मारत आले होते.

"मग गुण किती?" एलिसेओला घाई.
रायेननं खांदे उडवले.
"लिहिणाऱ्याला पाच. तोमासाला सहा."
एक का कापला, ते सांगितलं नाही.

एक वाजता ती धक्क्यावर उतरली.
पुस्तक पिठाच्या पिशवीत गुंडाळून बाकाखाली ठेवलं,
होडी ढकलली, बसली,
बेटाकडे पाठ, माझ्याकडे तोंड.
मी खिडकीत उभी राहिले,
ती मला बघत लहान लहान होत गेली.
हात हलवला मी.
तिनं नाही हलवला,
दोन्ही हातांत वल्ही होती.