सोय

सांगलीच्या चौदा तारखा झाल्या.
महामार्ग स्टँडवरून रात्रीची गाडी,
मांडीवर आर्वी, तिच्या मांडीवर डबा,
पुण्यात जाग, कऱ्हाडात उलटी,
आणि पुकारा झाला की दोन मिनिटांत
पुढची तारीख.
सातपूरला सुपरवायझर रजेचा अर्ज उलटासुलटा करून म्हणायचा,
ताई, एकदाचं मिटवून टाका.

मग हायकोर्टाचा कागद आला.
गायधनी वकीलबाईंनी बोट ठेवून वाचला:
पत्नीची सोय लक्षात घेता
दावा नाशिकला वर्ग.

मी म्हटलं, ती ओळ परत वाचा.

लग्नात हॉलची सोय पाहिली होती,
त्याच्या शिफ्टची, पाव्हण्यांच्या अंथरुणांची.
सोयरीकच ती.

आज इथली पहिली तारीख.
सीबीएसला उतरून चालत आले, डबा अजून गरम.
तो बाकाच्या टोकाला, डोळे तांबारलेले,
कॉलरवर गाडीच्या खिडकीची धूळ.
आर्वी कानाशी येऊन विचारते,
बाबांना कऱ्हाडात उलटी झाली असेल?

पुकारा. दोन मिनिटं.
न्यायाधीशबाई विचारतात,
अठरा तारीख सोयीची आहे?

मी त्याच्याकडे पाहते.
सवयीनं.